आईबाबा मासे आणि त्यांचे शेजारी

मासे अंडी घालतात आणि निघून जातात, असं तुम्हाला वाटत असेल, तर बहुतेक माशांच्या बाबतीत ते खरंच आहे. रोहूची मादी पावसाळ्यात लाखो अंडी पाण्यात सोडते, नर ती फळवतो, आणि पुढे त्या अंड्यांचं काय झालं हे बघायला दोघंही थांबत नाहीत. अंडी वाहत जातात. बरीचशी कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात, उरतात ती आपली आपण मोठी होतात. रोहूच्या पिल्लाला आपली आई कोण हे कधीच कळत नाही.

सिक्लिड नावाच्या कुळातले मासे मात्र थांबतात. अंड्यांजवळ थांबतात, पिल्लं निघाली की पिल्लांजवळ थांबतात, आणि पिल्लांच्या वाटेला कुणी गेलं तर आपल्यापेक्षा दुप्पट मोठ्या माशाच्याही अंगावर धावून जातात. जगात या कुळाच्या 1,700 हून जास्त जातींची नोंद झाली आहे. काही आफ्रिकेतल्या, काही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या, काही मादागास्करच्या, आणि अगदी मोजक्या आपल्या भारतातल्या. काही जातींत आई एकटी पिल्लं सांभाळते, काहींत बाबा, काहींत दोघं मिळून. पण अंडी टाकून सरळ चालता झाला, असा सिक्लिड शोधूनही सापडणार नाही.

तुम्ही सिक्लिड पाहिलेला असणार, फक्त त्याचं कुळ तुम्हाला माहीत नसेल. माशांच्या टाकीत संथपणे तरंगणारा, त्रिकोणी अंगाचा आणि लांब परांचा एंजल हा सिक्लिड. दवाखान्यातल्या टाकीत काचेला तोंड लावून आपल्याकडे टक लावून बघणारा गुबगुबीत ऑस्कर हाही सिक्लिड. कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न तर माणसांनी निरनिराळ्या सिक्लिडांचा संकर करून घडवलेला. आणि घरात टाकी नसेल पण ताटात मासे येत असतील, तर चिलापी आठवा. उजनीच्या जलाशयातून जी चिलापी बाजारात येते ना, तीसुद्धा सिक्लिडच. तिचं मूळ घर आफ्रिका. मोझांबिक चिलापी भारतात 1952 साली आणली गेली. या चिलापीची आई अंडी चक्क तोंडात सांभाळते. पिल्लं पोहायला लागल्यावरसुद्धा जरा धोका दिसला की सगळी धावत येऊन आईच्या तोंडात शिरतात, आणि आई तोंड मिटून घेते.

आज मला सांगायची आहे ती एका जोडप्याची गोष्ट. मध्य अमेरिकेतल्या ओढ्यांत, दगडगोट्यांच्या आडोशाला राहणारे कन्व्हिक्ट सिक्लिड. निळसर राखाडी अंग आणि त्यावर उभे काळे पट्टे. नर साधारण तळहाताएवढा, मादी त्याहून लहान. बऱ्याच माशांमध्ये नर भडक रंगाचा असतो. इथे उलट आहे: मादीच्या पोटावर नारिंगी-सोनेरी खवले चमकतात आणि नर बिचारा नुसता काळा-करडा. हा मासा घरच्या टाकीत इतक्या सहज अंडी घालतो की जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आहे. तुम्हालाही हे सगळं काचेपलीकडून, खुर्चीवर बसून बघता येईल.

आधी जोडी जमते. मग दोघं मिळून जागा शोधतात. टाकीत मातीची छोटी कुंडी आडवी ठेवली असेल तर बहुतेक तीच पसंत पडते. मग साफसफाई सुरू होते. दोघं तोंडाने कुंडीचा आतला भाग टोचून टोचून घासतात, शेवाळाचा कण ठेवत नाहीत. तळाची रेती तोंडात भरून बाहेर नेऊन थुंकतात. जागा मनासारखी झाली की मादी पोट टेकवून ओळीने अंडी चिकटवत जाते, मागोमाग नर ती फळवत जातो. एका वेळी शंभर-दोनशे, कधी तीनशेही अंडी.

आता कामाची वाटणी बघा. आई अंड्यांपाशी. छातीजवळचे दोन पर ती सतत हलवत राहते, म्हणजे अंड्यांवरून ताजं पाणी फिरतं आणि अंड्यांना प्राणवायू मिळतो. एखादं अंडं पांढरं पडलं, त्याला बुरशी लागली, तर ते ती अलगद उचलून बाजूला करते, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. बाबा बाहेर गस्तीवर. मधूनच बाबा आत येऊन पंखा घालतात आणि आई खायला बाहेर जाते. रात्री दिवे मालवल्यावर हे मासे खरं तर शांत पडून राहणारे. पण अंडी असताना आई अंधारातही पंखा घालणं थांबवत नाही. अंडी डोळ्यांना दिसत नसतानाही तिला ती बरोबर सापडतात.

साधारण तीन दिवसांनी अंड्यांतून पिल्लं निघतात. लगेच पोहत नाहीत हं! पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लटकलेली असते, तीच त्यांची शिदोरी. नुसती एका ठिकाणी वळवळत पडलेली असतात. या दिवसांत आईबाबा रेतीत खड्डे खणून ठेवतात आणि पिल्लांना तोंडात धरून एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात हलवतात. आणखी चार-पाच दिवसांनी बलक संपतो, आणि एका सकाळी बघावं तर आईच्या भोवती पिल्लांचा ढग तरंगत असतो.

पोहायला लागली की पिल्लांना भूक लागते. आई मग रेतीवर अंग टेकवते आणि परांनी जोरात फडफड करते. रेती उडते, तिच्यात दडलेले बारीक जीव वर येतात, पिल्लं त्यांच्यावर तुटून पडतात. ओढ्यात हेच आईबाबा तळाशी पडलेली पानं तोंडाने उलटी करतात, कारण पानाखाली पिल्लांचा खाऊ असतो. मासा पान उलटतो आणि बाजूला सरकून पिल्लांना पुढे होऊ देतो, हे मला तर एखाद्या पक्ष्याने चोचीत किडा आणण्याइतकंच थोर वाटतं.

इथवर सगळं गोड झालं. आता टाकीतल्या बाकीच्या माशांकडे बघू, कारण खरी गंमत आणि खरी अडचण तिथे आहे.

समजा, दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण 57 लिटर पाणी मावतं. त्यात कन्व्हिक्टची जोडी आहे, आणि सोबत चार गप्पी, दोन गोरामी, एक गोल्डफिश. कालपर्यंत सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. आज कुंडीत अंडी आली आणि टाकीचं चित्रच पालटलं. बाबा कन्व्हिक्ट दिसेल त्याच्या मागे लागतो. गोरामी वरच्या एका कोपऱ्यात, गोल्डफिश दुसऱ्या कोपऱ्यात, गप्पी फिल्टरच्या नळीमागे. कुणी जरा पुढे आला की धाव घेऊन चावा. परांच्या चिंध्या होतात. अक्षरशः पळता भुई थोडी!

मुलं हे बघून म्हणतात, किती दुष्ट मासा आहे! जरा थांबा आणि ओढ्यातलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. ओढ्यातही कन्व्हिक्ट असाच धावून जातो. अंडी खायला टपलेला मासा जवळ आला, बाबा धावला, मासा पळाला. हातभर, दोन हात, फार तर आणखी थोडं. मग बाबा तिथूनच मागे फिरतो. त्याच्या मनात एक रेघ असते. पलीकडे गेलेल्या माशाशी त्याचं काही भांडण नसतं. तो मासा पलीकडे निवांत चरत बसला तरी बाबाला चालतं.

दोन फुटांच्या टाकीत ही रेघ कुठे येते सांगा? काचेच्या बाहेर! खोलीत कुठेतरी, कदाचित टीपॉयवर. कोपऱ्यात घाबरून बसलेली गोरामी आपल्या मते जितकं लांब जाता येईल तितकं गेली आहे. बाबाच्या हिशोबात मात्र ती अजून अंड्यांच्या जवळच आहे, आणि सांगूनही हलत नाही. म्हणून तो पुन्हा जातो, पुन्हा चावतो. दिवसभर हेच. यात दुष्ट कुणीच नाही. पळणाऱ्याला पळायला जागा नाही, एवढीच गोष्ट आहे, आणि ती जागा देणं माशांच्या हातात नसून टाकी भरणाऱ्या माणसाच्या हातात आहे.

मग सोपा उपाय कोणता? बाकीचे सगळे मासे काढून टाकायचे आणि जोडीला एकटं ठेवायचं, बरोबर?

इथे एक नवल घडतं. कॉनराड लॉरेन्झ नावाचे ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ होते. प्राणी कसे वागतात याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला आणि त्याबद्दल त्यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळालं, दोन सहकारी शास्त्रज्ञांसोबत. प्राण्यांच्या भांडखोरपणावर त्यांनी 1963 साली एक पुस्तक लिहिलं. त्यात सिक्लिडांविषयी त्यांनी लिहिलं आहे की जोडीला टाकीत अगदी एकटं ठेवलं, तर नर काही दिवसांनी स्वतःच्याच मादीच्या अंगावर जायला लागतो. राखण करायची त्याची ऊर्मी जोरात असते आणि समोर हुसकवायला कुणीच नसतं. पण त्याच टाकीत दुसरा मासा असला, किंवा मध्ये काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली, तर नर-मादी दोघं मिळून तिकडे बघून फुरफुरतात आणि आपापसांत प्रेमाने राहतात. म्हणजे ज्या शेजाऱ्यांचा नराला एवढा राग, त्या शेजाऱ्यांमुळेच त्याच्या घरात शांतता असते.

शेजाऱ्यांचा दुसरा उपयोग याहून मजेदार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉर्ज बार्लो नावाचे प्राध्यापक सिक्लिडांवर काम करत. टाकीसमोर माणूस आला की त्यांचे मासे घाबरून दगडांमागे दडायचे. दडलेल्या माशाचा अभ्यास करणार कसा? 1968 साली त्यांनी एक युक्ती मांडली. टाकीच्या वरच्या पाण्यात न घाबरणारे, सतत फिरणारे छोटे मासे सोडायचे. ते बिनधास्त पोहताना दिसले की खालचा सिक्लिड समजतो: बाहेर सगळं ठीक आहे, शिकारी आला असता तर हे असे फिरले नसते. आणि तो बाहेर येतो. मासे एकमेकांकडे बघून धीर धरतात, हे बार्लोंनी ओळखलं. आज सिक्लिड पाळणारे लोक ही युक्ती सर्रास वापरतात, आणि त्यासाठी जे मासे वापरतात त्यांत जायंट डॅनिओ फार आवडता आहे. हा मासा आपल्याकडचा! भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या स्वच्छ, वाहत्या ओढ्यांतला. चपळ, थव्याने राहणारा, पाण्याच्या वरच्या थरात सळसळणारा. कन्व्हिक्ट तळाशी, डॅनिओ वर. बाबा धावला तरी डॅनिओ क्षणात टाकीच्या दुसऱ्या टोकाला. सहा-आठ डॅनिओंचा थवा असला की राग एकाच माशावर न पडता सगळ्यांत वाटला जातो, आणि कुणालाच फार लागत नाही.

तळाशी राहणारे मासे मात्र या जोडीसोबत ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. काच चाटत फिरणारा सकर बरेच जण ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून आणतात. तो रात्री जागा असतो. दिवसभर ज्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा केला त्या आईबाबांना अंधारात नीट दिसत नाही, आणि सकर घासत घासत अंड्यांवरून फिरतो. सकाळी कुंडी रिकामी. आणि हळू पोहणारे, लांब झुलत्या परांचे मासे, गप्पी, निऑन टेट्रा, गोल्डफिश? त्यांना या घरात आणूच नका. गोल्डफिशला तर पाणीही थंड लागतं, त्याची आणि यांची जोडी मुळातच विजोड.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. ज्या तोंडाने बाबा शेजाऱ्याचा पर फाडतो, त्याच तोंडाने तो तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान पिल्लू कसं उचलतो? सिक्लिडांना जबड्यांचे दोन संच असतात. एक आपल्याला दिसतो तो, ओठांमागचा. दुसरा घशात, कल्ल्यांच्या मागच्या बाजूला. खाणं चिरडायचं, चावायचं काम हा घशातला जबडा करतो. त्यामुळे पुढचं तोंड पकडायला, उचलायला, घासायला, रेती वाहायला आणि पिल्लं नेण्याआणण्याला मोकळं राहतं.

लॉरेन्झ यांनी याच तोंडाची एक हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांच्याकडे ज्वेल फिश नावाचे आफ्रिकी सिक्लिड होते, लालभडक आणि निळ्या ठिपक्यांचे. संध्याकाळ झाली की आई पिल्लांना खड्ड्यात गोळा करते आणि बाबा चुकलीमाकली पिल्लं तोंडात भरून आणतो. एके संध्याकाळी लॉरेन्झ माशांना खाऊ घालायला आले, तेव्हा काही विद्यार्थीही तिथे होते. त्यांनी टाकीत गांडुळाचे तुकडे टाकले. बाबाने एक तुकडा तोंडात घेतला, चावायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात त्याला एक पिल्लू एकटंच भटकताना दिसलं. तो झेपावला आणि पिल्लूही तोंडात घेतलं. आता तोंडात दोन गोष्टी: एक पोटात जायची, एक घरी न्यायची. गिळलं तर पिल्लू जाणार! बाबा गाल फुगवून जागच्या जागी थांबला. हलला नाही, चावलं नाही. कितीतरी क्षण तसाच. मग त्याने दोन्ही गोष्टी थुंकून टाकल्या. गांडूळ तळाशी पडलं, पिल्लूही पडलं. बाबाने आधी गांडूळ सावकाश खाल्लं, पण एक डोळा सारखा पिल्लावर. ते संपवून पिल्लू उचललं आणि आईकडे नेऊन सोडलं. बघणाऱ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. मासा विचार करतो का, याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, पण त्या काही क्षणांत त्याच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं एवढं नक्की.

शेजाऱ्यांची पिल्लं चुकून आपल्या ढगात मिसळली तर? मारून टाकत असतील असंच वाटतं ना? कोस्टा रिकातल्या ओढ्यांत कन्व्हिक्टांचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की बऱ्याच जोड्या परकी पिल्लं आपल्यात सामावून घेतात. आणि ती दत्तक पिल्लं बहुतेकदा त्यांच्या स्वतःच्या पिल्लांपेक्षा लहान असतात. का? शिकारी मासा आला की लहान, हळू पिल्लू आधी सापडतं. ढगात पिल्लं जितकी जास्त, तितका आपल्या पिल्लाच्या वाटेचा धोका कमी. पाहुण्या पिल्लालाही राखणदार आईबाबा मिळतात, म्हणजे त्याचंही भलंच.

निकाराग्वा देशातल्या हिलोआ तलावात केनेथ मॅके या शास्त्रज्ञाने पाण्याखाली जाऊन याहून चकित करणारं दृश्य पाहिलं. शेवाळ-पाला खाणारा एक सिक्लिड दुसऱ्याच जातीच्या, मोठ्या शिकारी सिक्लिडाच्या पिल्लांची राखण करत होता! मॅके यांनी 1977 साली त्याचं कारण असं सुचवलं: ही शिकारी पिल्लं मोठी झाली की जे तिसरे मासे या पालाखाऊची जागा बळकावतात त्यांना ती खातील. शत्रूच्या शत्रूची पिल्लं सांभाळणं झालं हे.

पण शेजारी नेहमीच असा कामाला येतो असं नाही. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात काळ्या ठिपक्यांचा एक मार्जारमासा राहतो, मिशावाला. तिथले पुष्कळ सिक्लिड चिलापीसारखे तोंडात अंडी सांभाळणारे आहेत. मादी अंडं घालते आणि लगेच वळून तोंडात घेते. नेमक्या त्याच वेळी या मार्जारमाशाची जोडी मधे घुसते, सिक्लिडची काही अंडी गट्ट करते आणि स्वतःची तिथे टाकते. गडबडीत मादी दोन्ही अंडी उचलते. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तसंच हे, फक्त घरटं म्हणजे आईचं तोंड. मार्जारमाशाची अंडी लवकर उबतात. त्यातून निघालेली पिल्लं आपला बलक संपला की शेजारची सिक्लिडची पिल्लं खायला लागतात, आईच्या तोंडात बसून! आईने आठवडेच्या आठवडे उपाशी राहून सांभाळायचं, आणि शेवटी तोंडातून मिशावाली पिल्लं बाहेर पडायची. जपानी शास्त्रज्ञ तेत्सु सातो यांनी 1986 साली हे जगापुढे आणलं.

काही हौशी लोक हा मार्जारमासा दुसऱ्या सरोवरांतल्या सिक्लिडांसोबत एका टाकीत ठेवतात. तिथे काय होतं? चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी याचे प्रयोग करून 2018 साली निष्कर्ष मांडले. टांगानिकाचे सिक्लिड पिढ्यान्‌पिढ्या या शेजाऱ्याला ओळखून आहेत. ते बऱ्याचदा परकी अंडी थुंकून टाकतात. पण दुसऱ्या सरोवरांतल्या सिक्लिडांनी असा चोर कधी पाहिलेलाच नसतो, ते फार सहज फसतात. टाकी भरताना आपण नकाशावर हजारो मैल लांब असलेले मासे एका खोक्यात आणतो. दिसायला शोभून दिसतात, पण एकमेकांच्या खोड्या त्यांना ठाऊक नसतात.

मग एकमेकांना पुरते ओळखून असलेले शेजारी कसे राहतात? ते बघायला आफ्रिकेला जायला नको. गोव्यात खाजणातल्या निमखाऱ्या पाण्यात कालुंदर मिळतो. केरळात त्याला करिमीन म्हणतात आणि 2010 पासून तो केरळचा राज्यमासा आहे. हिरवट-करडा, अंगभर मोत्यासारखे ठिपके, चांगला वीतभर. हा आपला भारतीय सिक्लिड, आणि भारत-श्रीलंकेबाहेर त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये! केरळ आणि श्रीलंकेच्या खाड्यांत त्याच्या शेजारीच नारिंगी क्रोमाइड नावाचा, बोटाएवढा पिवळा-नारिंगी सिक्लिड राहतो. हा छोटा शेजारी कालुंदराची अंडी आणि पिल्लं चोरून खातो. पण तोच क्रोमाइड, विशेषतः लहान असताना, कालुंदराचं अंग आणि पर टोचून टोचून साफ करतो. त्या वेळी मोठा कालुंदर शांत उभा राहतो आणि त्याला साफ करू देतो. वायमन आणि वॉर्ड या दोन शास्त्रज्ञांनी 1972 साली हे नोंदवलं. चोरही तोच आणि सेवेकरीही तोच. क्रोमाइडच्या घरातही एक वेगळीच रीत आहे: त्याची पिल्लं आईबाबांच्या अंगावर धावून जातात आणि त्यांच्या कातडीवरचा चिकट थर टिपून खातात, तेच त्यांचं बाळअन्न.

तर, तुमच्या घरी टाकी असेल आणि सिक्लिडची जोडी अंड्यावर आली, तर काय करायचं? टाकी मोठी असेल, निदान चार फूट लांब, तर कुंडी एका टोकाला ठेवा. मधे उभे दगड, लाकडाचा ओंडका, झाडं अशी लावा की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला दिसू नये. बाबाला न दिसलेला मासा बाबाच्या रेघेपलीकडे असतो. वर डॅनिओचा थवा. टाकी लहान असेल तर त्याच दिवशी बाकीच्या माशांना दुसऱ्या टाकीत न्या, आणि जोडीला समोरच्या काचेपलीकडे, शेजारच्या टाकीतले मासे दिसू द्या. बाबांना फुरफुरायला तेवढं पुरतं. पाणी 26-27 अंशांवर असू द्या आणि फिल्टरच्या तोंडावर स्पंज लावा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातील. पहिल्यांदा अंडी घालणारी जोडी पुष्कळदा आपलीच अंडी खाऊन टाकते. नाराज होऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जमतं त्यांना.

चार ते सहा आठवडे आईबाबा पिल्लांना जपतात. मग आईच्या पोटात नवी अंडी तयार व्हायला लागतात आणि एके दिवशी बाबा आपल्याच मोठ्या पिल्लांच्या मागे लागतो. त्या दिवशी ती पिल्लंही शेजारी झाली, त्यांना दुसरी टाकी हवी. शंभर पिल्लांचं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. मासे विकणाऱ्या दुकानदाराशी, पाळणाऱ्या मित्रांशी बोलून ठेवा. जवळच्या तळ्यात किंवा नदीत ती कधीही सोडू नका. चिलापी आपल्याकडे आली आणि बघता बघता देशभरच्या जलाशयांत पसरली. तिथल्या मूळच्या रोहूसारख्या माशांत अंड्यांचा असा खंदा राखणदार नव्हता.

पिल्लं पोहायला लागली की एक प्रयोग करून बघा. टाकीचा दिवा रोज एकाच वेळी बंद करा, समजा रात्री नऊला. साडेआठपासून वही घेऊन टाकीसमोर बसा. आईबाबा पिल्लांना एकेक करून तोंडात घेतात आणि खड्ड्यात नेऊन थुंकतात. पहिलं पिल्लू किती वाजता उचललं ते रोज लिहा. कॅनडातले स्तेफान रीब्स यांनी कन्व्हिक्टांवर हेच पाहिलं आणि 1994 साली प्रसिद्ध केलं. दिवा रोज ठरलेल्या वेळी जात असला, तर आईबाबा अंधार पडायची वाट बघत नाहीत, उजेड असतानाच पिल्लं गोळा करायला लागतात. त्यांना घड्याळ कळतं! तुमच्या टाकीतल्या जोडीला नऊची वेळ कळायला किती दिवस लागतात, ते तुमच्या वहीतल्या आकड्यांत दिसेल. आणि महिन्याभराने दिवा आठलाच बंद करायला लागलात, तर पुढच्या आठवड्यात आकडे कसे सरकतात, तेही लिहून ठेवा.